कॉफीचा रतीब

पहाटे सव्वापाच

शटर अर्धं वर करून आत शिरते आणि आधी पाण्याचं पातेलं गॅसवर चढवते. सोलापूरच्या सात रस्त्यावर या वेळी घाई असते ती फक्त रिक्षांना. सहाच्या सुमारास सुटणारी मुंबईची वंदे भारत गाठायची असते. विजापूर रोडकडून आलेल्या रिक्षा चौकात जराही न रेंगाळता स्टेशनकडं वळतात.

माझ्याकडं तीन पितळी फिल्टर आहेत. वरच्या भांड्यात पावडर भरायची आणि चकती हलक्या हातानं दाबायची. जोरात दाबली तर पाणी अडून बसतं, सैल राहिली तर झरझर उतरतं आणि कॉफी पाणचट होते. उकळतं पाणी एकदम ओतायचं नाही. आधी पावडर भिजेल एवढंच, मग थोडं थांबून बाकीचं. अर्ध्या तासानं खालच्या भांड्यात काळंभोर डिकॉक्शन थेंबाथेंबानं साठलेलं असतं. तोवर मी ड्रममधलं पाणी बघते. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, त्यामुळं इथं दुकान चालवणाऱ्याला दुधाआधी पाण्याचा हिशोब करावा लागतो.

आज मार्चची १ तारीख, म्हणजे कार्डं बदलायचा दिवस. काल रात्री ८६ नवी कार्डं कापून, शिक्के मारून डब्यात ठेवली आहेत. पोस्टकार्डाहून लहान जाड पुठ्ठा, त्यावर २६ चौकोन. रविवारी दुकान बंद, म्हणून महिन्याचे २६ कप. गिऱ्हाईक १ तारखेला पैसे भरतं आणि रोज एक कप घेतं. शहरातली पोरं याला सबस्क्रिप्शन म्हणतात. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी कार्ड हातात घेऊन विचारलं, "म्हणजे रतीबच की गं?" तेव्हापासून पाटीवर मी तेच लिहिलं आहे, 'कॉफीचा रतीब'. दुधाचा रतीब, पेपरचा रतीब आपल्याकडं घरोघरी होताच. कॉफी तेवढी नवी.

साडेसहा

फिरायला जाऊन आलेली मंडळी येतात. यांच्याकडं सकाळचं कार्ड असतं. ३१ जणांकडं आहे. ही माणसं दुकान उघडल्यापासून जवळपास रोज येतात, आणि माझी पहिली मोठी चूक यांच्याच बाबतीत झाली.

रतीब सुरू केला तेव्हा एकच कार्ड काढलं होतं, ४८० रुपयांचं. कप २५ रुपयांचा, २६ कपांचे ६५० होतात, म्हणजे गिऱ्हाइकाला १७० रुपयांची सूट. पहिल्याच आठवड्यात ४० कार्डं गेली. मला वाटलं, जिंकलं. महिनाअखेर वही घेऊन बसले तर गल्ल्यात आधीपेक्षा कमी. दोन रात्री डोकं लावलं तेव्हा उलगडा झाला.

एका कपाला दूध ८० मिली, ६० रुपये लिटरनं ४ रुपये ८० पैसे. पावडर ७ ग्रॅम, ७०० रुपये किलोनं ४ रुपये ९० पैसे. साखर, गॅस, कप धुणं मिळून १ रुपया ६० पैसे. एकूण ११ रुपये ३० पैसे. आता जो माणूस कार्ड नसतानाही महिन्याला २४ दिवस येत होता, तो ६०० रुपये देत होता. कार्डावर तेच २४ कप तो ४८० रुपयांत प्यायला लागला. माझे १२० रुपये गेले आणि बदल्यात काही आलं नाही. उलट जो महिन्याला १० वेळा यायचा, त्याच्याकडून खर्च वजा जाता १३७ रुपये सुटत. तो कार्ड घेऊन २० वेळा यायला लागला, तर ४८० मधून २२६ खर्च जाऊन २५४ उरतात, म्हणजे ११७ रुपयांची वाढ. थोडक्यात, रोज येणारा एक माणूस सवलतीच्या कार्डावर आला की नव्यानं बांधलेल्या एका माणसाची सगळी कमाई पुसली जाते. आणि सूट दिसली की सगळ्यात आधी कार्ड घेतो तो रोज येणाराच. त्याचं काही चुकत नाही. माझंच आखणं कच्चं होतं.

मग कार्डं दोन केली. सकाळचं ६०० रुपयांचं. यात सूट जवळजवळ नाही, पण कप मांडून तयार असतो, थांबायला लागत नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. दुसरं आडवेळेचं, ४८० रुपयांचं. ते सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच एवढ्याच वेळात चालतं, म्हणजे ज्या वेळी माझ्या खुर्च्या रिकाम्या असतात तेव्हा. हे सकाळच्या मंडळींना सांगायला मला फार जड गेलं होतं. एका काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अक्का, मला सकाळीच लागते. सहाशे घे, पण कप गरम दे."

कप गरम देते. पेला उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्यात कॉफी ओतत नाही.

साडेसात ते दहा

ही रोख गिऱ्हाइकांची वेळ. संगमेश्वर कॉलेजची पोरं, ऑफिसला निघालेली माणसं, सिटी बसच्या डेपोतले ड्रायव्हर-कंडक्टर. मावशी इडली आणि चुरमुऱ्यांचा सुशीला लावतात, पोऱ्या टेबलं पुसतो, मी गॅससमोर. या अडीच तासांत मान वर करायला फुरसत नसते, म्हणून लिहिण्यासारखंही फारसं नाही. कॉफी, इडली, कॉफी, सुट्टे, कॉफी.

कार्डांचं कामही याच गर्दीत उरकायचं असतं. आज २७ जणांनी सकाळचं कार्ड बदलून घेतलं. चौघांचं राहिलं आहे.

कार्डावर भोक पाडायचं यंत्र जुन्या बाजारात मिळालं. कंडक्टर तिकीट ठोकायला वापरायचे तसलं, लोखंडी. सिटी बसमधून निवृत्त झालेले मामा रोज पावणेनऊला येतात आणि कार्ड माझ्या हातात देत नाहीत. यंत्र मागून घेतात, अंगठ्यानं दांडा दोनदा रिकामा वाजवतात आणि तिसऱ्यांदा बरोबर चौकोनाच्या मधोमध ठोकतात. इतरांच्या कार्डांवरची भोकं रेघेवर, कडेवर, कुठंही असतात. मामांचं कार्ड महिनाअखेर जाळीसारखं दिसतं. आज नवं कार्ड घेताना त्यांनी जुनं परत मागितलं. देऊन टाकलं.

साडेदहा

गर्दी ओसरली की मी वही उघडते. सगळी कार्डं गेली तर आज आणि उद्या मिळून ४५,००० रुपये जमा होतील. सकाळची ३१ गुणिले ६००, आडवेळेची ५५ गुणिले ४८०. एवढी रक्कम एकदम हातात आली की ती आपलीच वाटायला लागते. पहिल्या महिन्यात मी त्यातून नवा मिक्सर आणला आणि २० तारखेनंतर दुधाच्या पैशांसाठी भावाकडं हात पसरला. आता रतीबाचं बँक खातं वेगळं आहे. ४५,००० भागिले २६ म्हणजे १,७३० रुपये. रोज रात्री तेवढेच दुकानाच्या खात्यात वळते करते. लोकांनी ज्या कॉफीचे पैसे दिलेत ती मी अजून पाजलेली नाही. ती पाजेपर्यंत ते पैसे त्यांचेच.

आगाऊ पैसे हाती येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे खानावळवाल्या बायकांना विचारावं. मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगार महिनाभर जेवायचे आणि पगार झाला की पैसे द्यायचे. महिनाभराचा किराणा मात्र त्या बाईनं उधारीवर आणायचा, वाण्याचं नाहीतर सावकाराचं व्याज सोसायचं. कामगारांच्या जेवणाला उसनं भांडवल घालत होती ती चुलीपुढची बाई. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी, आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. माझ्या सासऱ्यांनी इथं लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये काम केलं. पगाराच्या दिवशी हॉटेलवाल्याचं खातं फेडायची रांग त्यांना चांगली आठवते. तेव्हा महिन्याचं खातं होतं, पण पैसा शेवटी यायचा. माझ्याकडं तो आधी येतो. माझ्या दुधाचं भांडवल माझी गिऱ्हाइकं घालतात आणि त्यावर व्याज मागत नाहीत. म्हणून त्या पैशाला हात लावताना मी दोनदा विचार करते.

साडेअकरा

शासकीय विश्रामगृहावर कुणाची तरी पत्रकार परिषद आहे. थर्मासमध्ये २० कप पाठवायचे. हे रोखीचं काम, कार्डाशी संबंध नाही. पत्रकार मंडळींनी 'सगळ्यांत मिळून एक कार्ड' मागून पाहिलं होतं. कार्ड एका माणसाचं असतं, एवढं सांगून मी मोकळी झाले.

दुपारी एक ते तीन

मार्च सुरू झाला की सोलापूरची दुपार रस्ता रिकामा करते. अजून मेचं ऊन यायचं आहे, तरी डांबरावरून झळा दिसतात. या वेळात आधी दिवसाला पाच-सहा कप जायचे. आजपासून जूनच्या मध्यापर्यंत कार्डावर कॉफीऐवजी मसाला ताकही चालतं. हे मला दुसऱ्या उन्हाळ्यात सुचलं. पहिल्या एप्रिलमध्ये आडवेळेच्या कार्डवाल्यांपैकी निम्म्यांनी मेचं कार्ड घेतलंच नव्हतं. पंचेचाळीस अंशांत गरम कॉफीचा रतीब कोण लावणार? आता उरलेलं दूध रात्री विरजते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचंच ताक होतं. वाया जाणारं दूध कार्डावरच खपतं.

आलं, मिरची, जिरं, कोथिंबीर पाट्यावर वाटते. मिक्सरवर ती चव येत नाही.

तीन ते पाच

दिवसातले माझे आवडते दोन तास. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं-पोरी अभ्यासिकेतून येतात, औषध कंपन्यांचे एमआर येतात, शिकवणी घेणाऱ्या दोन मॅडम येतात. कार्डं पटापट बाहेर निघतात.

याच वेळेत माझं एकदा चांगलंच नुकसान झालं होतं. इंग्लंडमधल्या प्रेट ए मॉन्जे या कॉफीच्या दुकानांनी सप्टेंबर २०२० मध्ये महिन्याला २० पौंडांत दिवसाला ५ पेयं अशी योजना काढली होती. भाच्यानं मला ती मोबाईलवर दाखवली. मी हुरळून गेले. ७०० रुपयांत दिवसाला पाच कप, अशी पाटी लावली. अभ्यासिकेतल्या १८ पोरांनी कार्ड घेतलं. कॉफी गेली त्याचं दुःख नव्हतं, गेल्या त्या खुर्च्या. माझ्याकडं खुर्च्या १२. तीन वाजता पोरं बसली की दोन कपांच्या मध्ये तास-तास पुस्तक उघडून बसायची. त्यांना हक्कानं बसवलेलं मीच. संध्याकाळची रोखीची गिऱ्हाइकं दारातून आत बघायची आणि पुढं जायची. दोन महिन्यांत पाटी उतरवली, उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले. पुढं प्रेटनंही दर चढवत ३० पौंडांवर नेले आणि २०२४ मध्ये पाच पेयांची ती योजना बंद करून त्याऐवजी अर्ध्या किमतीत कॉफीची योजना आणली. 'कितीही प्या' म्हटलं की सगळ्यात जास्त पिणारा सगळ्यात आधी येतो. हे लंडनमध्येही तसंच आणि सात रस्त्यावरही तसंच.

पण त्याच पोरांनी मला एक गोष्ट शिकवली. कुणीही एकटं कॉफी प्यायला येत नाही. आता दिवसाला एकच कप असतो, तरी कार्डवाला बहुतेक वेळा कुणाला तरी सोबत घेऊन येतो, आणि सोबतीचा कप रोखीचा असतो. 'सोबत' नावाचा रकानाच मी वहीत आखला आहे. गेल्या महिन्यात त्यात ६१२ कप होते. कपामागे १३ रुपये ७० पैसे सुटतात, म्हणजे ८ हजारांवर झाले. कार्डाच्या कमाईत हा आकडा कुठं दिसत नाही, पण तो कार्डामुळंच आला आहे. आधी मी कार्डावरच्या सवलतीवरून नफा मोजत होते. आता विचारते, याच्याबरोबर आज कोण आलं?

"काय बे, आज तू देतोस का माझी?" एक पोरगा दुसऱ्याला विचारत होता. दुसऱ्यानं खिशातून २५ रुपये काढून टेबलावर ठेवले, मग थांबून विचारलं, "अक्का, मीच कार्ड घेतो. आज एकतारीखच आहे की." तो वर्षभर सोबतीच्या रकान्यात होता. आज ५६ वं कार्ड लिहिलं.

पाच ते साडेसात

पुन्हा रोखीची गर्दी. ऑफिसं सुटलेली, रंगभवनकडून येणाऱ्या गाड्यांची रांग, होटगी रोडकडं जाणारी माणसं. एका गृहस्थांनी वर्षाचं कार्ड मागितलं, पैसे एकदम भरायला तयार होते. नको म्हटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला होता, आणि त्या वर्षी माझी पावडर दर दोन महिन्यांनी महागत होती. वर्षाचे पैसे घेऊन ठेवले असते तर डिसेंबरपर्यंत एकतर स्वतः बुडाले असते, नाहीतर चिकोरी वाढवली असती. महिन्याचा शब्द पाळता येतो. वर्षाचा देण्याइतकी माझी कुवत नाही.

बँक खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापून घ्यायची सोयही भाच्यानं सुचवली होती. माणूस विसरतो, कार्ड चालू राहतं, पैसे येत राहतात, असं त्याचं म्हणणं. जो येत नाही त्याच्या पैशावर माझा डोळा नको. १ तारखेला त्यानं यावं, बसावं, ठरवावं.

रात्री आठ

शटर अर्धं खाली. मावशी भांडी पालथी घालतात. मी मोबाईल घेऊन खाड्यांचे निरोप बघते.

खानावळीत जेवलेल्या कुणालाही खाडा समजावून सांगावा लागत नाही. आदल्या दिवशी सांगितलं की त्या जेवणाचे पैसे कापले जातात. माझ्याकडंही तसंच. रात्री आठपर्यंत 'उद्या खाडा' असा निरोप आला की तो कप पुढच्या महिन्याच्या कार्डावर धरते. महिन्याला सहा खाडे. ओळखीचे दुकानदार मला वेड्यात काढतात. त्यांच्या मते लोक येत नाहीत हीच तर या धंद्यातली कमाई.

मी त्यांना माझं दूध दाखवते. खाडा नव्हता तेव्हा मी रोज १८ लिटर दूध घ्यायची. कोण येईल ते माहीत नाही, कमी पडायला नको. त्यातलं दोन-तीन लिटर रात्री उरायचं आणि उन्हाळ्यात नासायचं. तीन लिटर म्हणजे १८० रुपये, रोजचे. खाडा सांगणारं गिऱ्हाईक मला उद्या किती दूध लागेल ते आदल्या रात्री सांगतं. त्याच्या एका कपाच्या बदल्यात, ११ रुपये ३० पैशांत, ही खबर मिळते. यापेक्षा स्वस्त सौदा मी या दुकानात दुसरा केलेला नाही. शिवाय ज्याला खाडा मिळतो त्याला पुढच्या महिन्याचं कार्ड घ्यावंच लागतं, त्यात त्याचे दोन-तीन कप अडकलेले असतात. ते कप वसूल करायला तो येतो आणि सोबत कुणाला तरी आणतो.

आज ११ निरोप. मामांचा नाही, त्यांचा कधीच नसतो. एका एमआरचा आहे, तीन दिवस लातूर. शिकवणीवाल्या मॅडमचा आहे, मुलीची परीक्षा. या ११ शिवाय अभ्यासिकेतल्या एका मुलीनं लिहिलं आहे, 'अक्का, गावी चाललेय, निकाल लागला. कार्ड बंद करा.' कसला निकाल ते लिहिलेलं नाही. तिनं सकाळीच कार्ड घेतलं होतं आणि दुपारी एक कप प्याली होती. २५ कप बाकी. ४८० मधून एका कपाचे १८ वजा करून ४६२ रुपये तिला परत पाठवले. खाली लिहिलं, 'कळव काय झालं ते.'

१,७३० रुपये वळते केले. ११ खाडे लाल शाईनं गोल करून वहीत उतरवले. उद्या आडवेळेचे कप कमी, ताक थोडं जास्त, विश्रामगृहावर काही नाही. दूधवाल्या अण्णांकडं माझाही रतीबच आहे, आणि खाडा त्यांनाही आदल्या रात्री सांगावा लागतो.

'अण्णा, उद्या १४ लिटर. एक कमी.'

त्यांचा अंगठा आला. दिवा मालवला.